त्याच पाण्याचा फेरा

प्राणिसंग्रहालयातले पाणी पुन्हा पुन्हा वापरणे ही गोष्ट आता पर्यावरणाच्या खात्यात जमा होते. माहितीफलकावर हिरवे पान, त्याखाली वाचवलेल्या लिटरांचा आकडा, आणि एकूण सूर असा की हे शहाणपण आम्हाला परवा सुचले. इतिहास पाहिला तर सूर चुकीचा ठरतो. पाण्याचा बंद फेरा प्राणिसंग्रहालयात आला तो १८५० ते १८७५ या पंचवीस वर्षांत, लंडन आणि हॅम्बुर्ग या दोन शहरांत. तो आणणाऱ्यांच्या डोक्यात निसर्गरक्षण नव्हते, तिकीट काढून आलेल्या माणसाला मासा जिवंत आणि स्पष्ट दिसावा ही विवंचना होती. माझे म्हणणे यापुढे थोडे जाते. पाणी कशाने शुद्ध होते याचे एक मूलभूत ज्ञान या खटाटोपात व्यवहारातून हाती लागले होते. पण ज्ञान असूनही जिथे पाणी स्वस्त होते तिथे ते कुणी वापरले नाही. पाणी वाचते ते ज्ञानामुळे कमी आणि टंचाईमुळे किंवा प्रदर्शनाच्या गरजेमुळे अधिक, असे हा इतिहास सांगतो.

सुरुवात समुद्रापासून लांब राहणाऱ्या हौशी लोकांनी केली. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावाहून काही प्रवाळजीव लंडनला आणले. समुद्राचे पाणी रोज मागवणे परवडणारे नव्हते, तेव्हा घरातल्या मोलकरणीने उघड्या खिडकीशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, अर्धा-पाऊण तास, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल, असा शिरस्ता त्यांनी घातला. लंडनच्या समुद्रजीवांचा पहिला पंप म्हणजे त्या मुलीचे हात. इतिहासात बाईंचे नाव राहिले, तिचे राहिले नाही. पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. बारा गॅलनचे काचेचे भांडे, तळाशी वाळू आणि चिखल, दोन गोल्डफिश, आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती. मासा सोडतो तो वायू वनस्पती घेईल, वनस्पती सोडते तो मासा घेईल, आणि पाणी बदलावे लागणार नाही, असा हिशेब होता. हिशेब फिसकटू लागला तो कुजणाऱ्या पानांमुळे. पाणी गढूळ होऊ लागले, काचेवर बुळबुळीत थर चढू लागला. वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि थर खाऊन टाकला, वर त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. घाण काढून फेकायची नसते, ती खाणारा कुणीतरी त्याच भांड्यात ठेवायचा असतो, हे सूत्र इथे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले.

मे १८५३ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने रीजंट्स पार्कमधल्या आपल्या प्राणिसंग्रहालयात लोखंड आणि काचेचे मत्स्यगृह उघडले. लोकांसाठी खुले झालेले जगातले हे पहिले मत्स्यालय. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी किनाऱ्यावरून जीव गोळा करून त्याच्या टाक्या भरल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी समुद्राचे पाणी घरच्या घरी क्षार मिसळून बनवण्याची कृती प्रसिद्ध केली. इमारत देखणी होती, पण तत्त्व वॉरिंग्टनचेच, आणि ते इथे पुरेना. त्याचे कारण साधे आहे. वॉरिंग्टनच्या भांड्यात दोन मासे होते. ज्याला पैसे घेऊन लोकांना दाखवायचे आहे त्याला दोन माशांवर भागत नाही. टाकीत जीव वाढले की त्यांची विष्ठा आणि उरलेले अन्न वाढते, आणि तेवढी झाडे लावायला टाकीत जागाच उरत नाही. त्यात काचेच्या घरातून चारी बाजूंनी येणाऱ्या उजेडाने पाणी तापायचे आणि शेवाळाने हिरवे व्हायचे. म्हणजे ज्या उजेडावर वनस्पतींचा सारा भरवसा होता त्याच उजेडाने घात केला.

इथे विल्यम अल्फर्ड लॉइड हा माणूस येतो. पुस्तकबांधणीच्या धंद्यात वाढलेला, विज्ञानाचे रीतसर शिक्षण नसलेला हा गृहस्थ माशांच्या नादाला लागला, प्राणिसंग्रहालयाजवळच पोर्टलंड रोडवर टाक्या, समुद्रजीव आणि समुद्राचे पाणी विकण्याचे दुकान काढून बसला, १८५८ मध्ये त्याने शंभराहून अधिक पानांची सचित्र किंमतसूची छापली, आणि चारेक वर्षांत दिवाळखोर झाला. पण धंद्यात बुडालेल्या माणसाजवळ एक जिन्नस शिल्लक होता. कुठल्या टाकीत जीव का मेले याची बारकाईने ठेवलेली आठवण. पॅरिसमधल्या एका मत्स्यालयाचे काम त्याने केले होतेच. हॅम्बुर्गमध्ये १८६३ साली नवे प्राणिसंग्रहालय उघडले, तिथे आल्फ्रेड ब्रेम हे संचालक होते, आणि मत्स्यालयाची जबाबदारी लॉइडकडे आली. ते १८६४ मध्ये सुरू झाले.

हॅम्बुर्ग बंदर असले तरी ते एल्बे नदीवरचे बंदर आहे. खारा समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास. तेव्हा समुद्राचे पाणी एकदाच आणायचे आणि तेच चालवायचे, हे लॉइडला पत्करावे लागले. त्याने काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. दर्शनी टाक्यांत जेवढे पाणी होते त्याच्या कित्येक पट पाणी मावेल असा हौद त्याने जमिनीखाली बांधला. हौद काळोखा आणि थंड. वरच्या टाक्यांतले पाणी सांडून खाली हौदात उतरायचे, तिथून वाफेच्या इंजिनावर चालणारा पंप ते पुन्हा वर चढवायचा, आणि पडताना ते बारीक धारेने जोरात पडायचे, म्हणजे हवा घेऊनच टाकीत शिरायचे. हा उपसा रात्रंदिवस. खारे पाणी धातूला खाते आणि धातूचा अंश समुद्रजीवांना मारतो, म्हणून पुढे त्याने पंप आणि नळ कडक रबराचे वापरले. बाष्पीभवनाने पाणी घटले की क्षार मागे राहतात, त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची, हेही त्याने पक्के केले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली त्याने याच रीतीने मोठे मत्स्यालय उभारले, आणि पुढे अँटोन डोर्न यांच्या नेपल्समधल्या संशोधनकेंद्राच्या मत्स्यालयासाठीही त्याची मदत घेतली गेली. नेपल्सची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिथे समुद्र दाराशी होता. तरीही फेऱ्याचा विचार झाला, कारण बंदराचा समुद्र म्हणजे शहराच्या गटारांचा शेवटचा मुक्काम.

लॉइडला आपली रीत का चालते हे ठाऊक होते का? अर्धेच. हवेतला प्राणवायू पाण्यातल्या सेंद्रिय घाणीला हळूहळू जाळतो, आणि काळोखात शेवाळ वाढत नाही म्हणून ते काम निर्वेध चालते, अशी त्याची धारणा होती. प्राणवायू हवा हे बरोबर, पण जाळणारा कुणी निराळाच होता. १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्युंट्स या दोन फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. वीस दिवस काहीच घडले नाही, अमोनिया जसा आत गेला तसा बाहेर आला. मग अचानक अमोनिया कमी होऊन नायट्रेट दिसू लागले. काम निव्वळ प्राणवायूचे असते तर ते पहिल्या दिवशीच सुरू झाले असते. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा क्रिया थांबली, आणि वाफ काढून थोड्या मातीचे धोवण घातले तेव्हा ती पुन्हा चालू झाली. दुधाचे जसे विरजण लावल्याशिवाय नुसते ठेवून दही होत नाही, तशी गाळणीही तिच्यात जीव वसल्याशिवाय काम करीत नाही, हे त्या धोवणाने सिद्ध केले. हे जीव म्हणजे जिवाणू. त्यांतले काही माशांच्या कल्ल्यांतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे बरेच निरुपद्रवी नायट्रेट. विनोग्राड्स्की या संशोधकाने १८९० च्या सुमारास ते वेगळे काढून दाखवले. लॉइड १८८० मध्येच वारला होता. त्याच्या हौदाच्या भिंतींवर, नळांच्या आत, टाक्यांतल्या खडकांवर हे जिवाणू सोळा वर्षे राबत होते आणि श्रेय प्राणवायूला मिळत होते.

या क्रियेत दोन टप्पे आहेत हे दाखवणाऱ्यांत रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रातला जो रसायनतज्ज्ञ होता, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोगलगायीवाल्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापाने काचेच्या भांड्यात जे चालवून दाखवले, त्याचा निम्मा खुलासा मुलाने शेताच्या मातीत शोधला. असा योग कादंबरीत आला असता तर ओढूनताणून आणलेला वाटला असता.

हे ज्ञान मत्स्यगृहात आधी हाती लागले, या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सांडपाणी शुद्ध करणारी मंडळी लॉइडचे हौद पाहून शिकली याला पुरावा कुठे आहे? एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८६८ ते १८७० दरम्यान नद्यांच्या प्रदूषणावरच्या सरकारी आयोगासाठी मातीतून सांडपाणी थांबून थांबून सोडण्याचे जे प्रयोग केले, त्यांची प्रेरणा शेती होती. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा घालून जिवाणूंचा गाळ राखून ठेवायची जी रीत काढली, जिच्यावर आजची बहुतेक मैलाशुद्धीकरण केंद्रे चालतात, तिच्याही वंशावळीत मत्स्यालय दिसत नाही. मान्य. मी वंशावळ सांगतच नाही. मी एवढेच म्हणतो की त्याच पाण्याला हवा देणे, त्याला संथ आणि अंधाऱ्या जागेतून फिरवणे, आणि घाण खाणाऱ्या सृष्टीला वेळ देणे ही तिन्ही अंगे एका चालत्या यंत्रणेत एकत्र आली ती प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यगृहात, आणि ती पन्नास वर्षे आधी. कुणी असेही म्हणेल की वाळूची गाळणी त्याहून जुनी. जेम्स सिम्पसनने लंडनच्या चेल्सी पाणीकंपनीसाठी ती १८२९ मध्ये बांधली होती आणि १८५२ च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांवर गाळणीची सक्तीही झाली. पण ती गाळणी पाणी येताना एकदा गाळते. वापरून घाण झालेले पाणी परत घेण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. ते जाते नदीला. लॉइडच्या हौदाला नदी नव्हती, आणि खरा फरक तिथे आहे.

त्याच लंडनमध्ये त्याच वर्षांत काय चालले होते ते शेजारी ठेवले की मुद्दा उघडा पडतो. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी पिऊन शेकडो माणसे कॉलऱ्याने मेली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांत शिरली, तेव्हा कुठे पैसा मंजूर झाला आणि बॅझल्जेट या अभियंत्याने प्रचंड गटारे बांधली. ती गटारे मैला शहराच्या खाली नेऊन ओहोटीच्या वेळी नदीत सोडत. मैला शुद्ध होत नव्हता, लांब जात होता. हॅम्बुर्गची गोष्ट तर याहून बोचरी. ज्या शहराच्या प्राणिसंग्रहालयात १८६४ पासून शेवंडी आणि समुद्रफुलांसाठी पाणी जपून फिरवले जात होते, त्या शहरातली माणसे १८९२ पर्यंत एल्बेचे न गाळलेले पाणी पीत होती. त्या वर्षीच्या कॉलऱ्यात साडेआठ हजारांहून अधिक लोक मेले. लागूनच असलेल्या आल्टोनात वाळूची गाळणी होती, तिथे साथ फारशी पसरली नाही. मत्स्यालयाच्या हौदाने कॉलरा थांबला असता असे नव्हे. पण पाण्याची शुद्धता या शहराला समजत नव्हती असे म्हणायला जागा उरत नाही. समजत होती, फक्त माशांच्या बाबतीत तिचा खर्च टाळता येत नव्हता आणि माणसांच्या बाबतीत टाळता येत होता.

प्राणिसंग्रहालयाच्या आतही हाच न्याय चालला. मे १८५० मध्ये ओबायश नावाचा पाणघोडा लंडनला आला आणि त्याला पाहायला इतकी गर्दी लोटली की त्या वर्षी येणाऱ्यांची संख्या आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली. पाणघोडा पाण्यातच विष्ठा करतो आणि शेपूट फिरवून ती चौफेर उडवतो. त्याच्या हौदाला ना काळोखा साठा ना फिरता पंप. पाणी घाण झाले की सोडून द्यायचे आणि नवे भरायचे, ही रीत जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. हत्ती, वाघ, अस्वले, पाणपक्षी सगळ्यांना तीच. याच आवारात काही पावलांवर माशांचे पाणी मात्र थेंबाथेंबाने राखले जाई. १९२४ साली लंडनमध्ये नवे मत्स्यालय झाले ते मॅपिन टेरेसेस या कृत्रिम डोंगरांखाली. डोंगरांच्या पोटातल्या पोकळीत त्याच्या फिरत्या पाण्याचे साठे होते आणि डोंगरांवर अस्वले. एकाच वास्तूत पाण्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा नांदत होत्या, कारण खारे पाणी महाग होते आणि नळाचे गोडे पाणी जवळजवळ फुकट.

पाणघोड्याचे पाणी गाळावे असे कधी वाटले? १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो प्राणिसंग्रहालयाने त्याला काचेपलीकडून, पाण्याखाली चालताना, लोकांना दाखवायचे ठरवले तेव्हा. काचेपलीकडे शेणाचे पाणी असेल तर दिसणार काय? म्हणून मोठी गाळणयंत्रणा आली. पुढे इतरांनी याचे अनुकरण केले, आणि वाळूच्या दाबगाळण्या, ओझोन, जिवाणू वाढवलेल्या गाळण्या अशी मत्स्यालयाची सारी अवजारे सस्तन प्राण्यांच्या आवारात शिरली. वाचलेल्या पाण्याचा आकडा फलकावर लावायची पद्धत त्यानंतरची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा फेरा टिकाऊ होता असे म्हणायचे तर कोळशाचे काय? लॉइडची इंजिने अहोरात्र जळत, आणि राखीव इंजिन ठेवावे लागे, कारण उपसा काही तास थांबला तरी संपूर्ण मत्स्यालय धोक्यात. शिवाय नायट्रेट साठतच जाते, त्याची विल्हेवाट जिवाणूंच्या या जोडीकडे नाही, म्हणून 'कधीच न बदललेले पाणी' ही त्या काळची बढाई शेवटी बढाईच. आक्षेप मला मान्य आहे, आणि आजही तो लागू आहे. गाळणी चोंदली की तिच्यातून उलट पाणी सोडून ती धुवावी लागते, आणि ते गढूळ धोवण बहुतेक वेळा गटारात जाते. पंप आणि पाणी थंड ठेवणारी यंत्रे वीज खातात. पाण्याच्या रकान्यातली बचत विजेच्या रकान्यात खर्च म्हणून उमटते. तरीही ताळेबंद सगळीकडे सारखा निघत नाही, पाणी कुठून आणि कोणाच्या वाट्यातून येते यावर तो ठरतो. नदीकाठच्या पावसाळी गावात फेरा कदाचित महागात पडेल, लांबून धरणाचे पाणी आणणाऱ्या शहरात पडणार नाही.

मुंबई हे तसे शहर आहे. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी शंभर किलोमीटरच्या टापूतून तिच्याकडे येते आणि ज्या शहापूर तालुक्यात त्यांतली बरीच धरणे आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. घाण ही फेकायची वस्तू नाही, हा विचारही या शहराला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैलापाणी बंद टाकीत कुजवून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवून पाहिले होते, आणि ते पाणी शेतीला दिले जाई. जगभरच्या बायोगॅसच्या इतिहासांत त्या आश्रमाचा उल्लेख सापडतो, मुंबईच्या आठवणीत तो फारसा सापडत नाही. त्यानंतर शहराला धरणांमागून धरणे मिळत गेली आणि तो प्रयोग विस्मरणात गेला. हॅम्बुर्गचा धडा इथेही जसाच्या तसा.

भायखळ्याच्या राणीबागेत १८६२ पासून लोक येतात. तिथल्या हम्बोल्ट पेंग्विनांची काच २०१७ मध्ये खुली झाली, आणि गाळून थंड केलेल्या पाण्याचा फेरा आता मुंबईकर तिकीट काढून पाहतो, जरी त्याची नजर पेंग्विनवर असली तरी. प्राण्याचे नाव, त्याचा खंड, त्याचे खाद्य याचा फलक प्रत्येक आवाराला असतो. पुण्यात, मुंबईत, नागपुरात, जिथे जिथे प्राण्यांसाठी मोठे हौद आहेत तिथे आणखी चार ओळींचा एक फलक महापालिकेने लावावा. हे पाणी कोणत्या धरणाचे, किती दिवसांनी बदलते, गाळणीचे धोवण कुठे जाते आणि महिन्याला वीज किती लागते. वाचलेल्या लिटरांचा आकडा त्याखाली खुशाल लिहावा.